कोलकात्यातली चेष्टा

न्यू टाउन

"ओर बाबाके कोथा बोलानोर चेष्टा कोरछे."

काउंटरमागच्या बाई कोपऱ्यातल्या टेबलावरच्या वयस्कर गृहस्थांना हे म्हणाल्या आणि दोघंही हसले. मला कोलकात्यात येऊन पाच आठवडे झाले होते. बंगाली येत नव्हतं. त्या वाक्यातले दोनच शब्द मला ओळखीचे वाटले: बाबा आणि चेष्टा.

माझ्यासमोर लॅपटॉपच्या पडद्यावर बाबा होते. कराडच्या घरी, पुढच्या खोलीत, उशीला टेकून बसलेले. मी कॉफीचा कप उचलून कॅमेऱ्यासमोर धरला होता आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणत होते, "बाबा, हे काय आहे? क... क..." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचे ओठ नीट हलले. "क," ते म्हणाले. पुढचं अक्षर त्यांच्या घशात जुळत होतं. मला ते दिसत होतं.

तेवढ्यात ते वाक्य आणि ते हसू कानावर आलं. मी लॅपटॉप मिटला, बॅगेत कोंबला, अर्धी कॉफी तशीच टाकली आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडले. रस्त्यावर येऊन आईला फोन केला.

"नेट गेलं गं," मी म्हणाले.

परत आल्यापासून सगळे मला रसगुल्ल्यांबद्दल आणि ट्रामबद्दल विचारतात. ट्राममध्ये मी एकदाच बसले. सहा महिन्यांतलं माझं कोलकाता म्हणजे मुख्यतः जिथे जिथे नेट मिळालं ती कॉफीची दुकानं. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहिते.

कंपनीने मला न्यू टाउनच्या ऑफिसात सहा महिन्यांसाठी पाठवायचं ठरवलं होतं. जायच्या महिनाभर आधी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदी सगळं नाही, एक शब्द उरला. पाणी हवं असेल तरी "उद्या", खिडकी लावायची असेल तरी "उद्या", मी औषध घेऊन समोर उभी राहिले तरी माझ्याकडे बघून "उद्या". बाबांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. मी जाणार नाही म्हणून अडून बसले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझी बॅग दाराकडे ढकलली. दोनदा.

स्पीच थेरपिस्टने आईला सांगितलं होतं की घरच्या माणसांनी रोज ठरलेल्या वेळी त्यांच्याशी बोलायचं. चेहरा दिसला पाहिजे, ओठ दिसले पाहिजेत, आवाज मोठा आणि स्वच्छ पाहिजे. मी संध्याकाळी सहाची वेळ घेतली. राहायच्या जागी माझ्या खोलीत फोनला एक काडी रेंज यायची, तीही खिडकीच्या गजांना चिकटून उभं राहिलं तर. ऑफिसचं नेट व्हिडिओ कॉल उघडू द्यायचं नाही. राहिली कॉफीची दुकानं.

माझ्यासारखीचा प्रश्न असा की दुकानात पासवर्ड विचारावा लागतो. कॉफी मागणं सोपं, मेनूवर बोट ठेवता येतं. पासवर्डसाठी मात्र परत उठून कुणाला तरी हाक मारायची, आणि हाक काय मारायची हेही नक्की नाही. पहिल्याच दिवशी मी घरमालकिणीला अदबीने "काकू" म्हटलं होतं. त्यांनी मागे वळून नवऱ्याला शोधलं. बंगालीत काकू म्हणजे काका. "आमि काकू?" म्हणत त्या इतक्या हसल्या की शेजारणीला बोलावून त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर मी आठवडाभर कुणालाच काही हाक मारली नाही.

म्हणून ऑफिसमागच्या ब्लॉकमधलं ते लहान दुकान मला आवडलं होतं. तिथे पासवर्ड दारातच पाटीवर खडूने लिहिलेला असायचा. सात टेबलं, एक पंखा, खिडकीत मनीप्लँट. काउंटरवर शर्मिष्ठादी, चाळिशीच्या, केसांत पेन खोचलेल्या. कोपऱ्यात रोज तेच दत्तबाबू, वर्तमानपत्र आणि दुधाशिवायचा चहा घेऊन. कुणी काही विचारायचं नाही. सहा वाजता तर तिथे इतकं शांत असायचं की मला वाटे, ही जागा माझ्यासाठीच कुणीतरी राखून ठेवली आहे.

आणि तिथेच माझ्या बाबांची चेष्टा झाली, असं मला वाटलं.

चेष्टेच्या बाबतीत मी हळवी आहे, त्याचं कारण सांगायला हवं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, बाबांच्याच आग्रहाने. आमच्या घराचा नंबर एकोणऐंशी. मी सहावीत असताना बाबांच्या एका जुन्या मित्रांचा पत्ता विचारायला फोन आला. मी त्यांना "एटी-नाईन" सांगितलं. ते भर उन्हात दहा घरं पुढे जाऊन एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर पाणी पिऊन आले. त्या दिवसापासून बाबांनी माझं नाव एकोणऐंशी ठेवलं. शाळेतून आले की "या, एकोणऐंशी!" लग्नकार्यात चार लोक जमले की "आमच्या सायलीला विचारा बरं, सदुसष्ट म्हणजे किती?" लोक हसायचे. बाबा सगळ्यांत जास्त हसायचे आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मला फक्त हसणं ऐकू यायचं. हळूहळू मी चारचौघांत मराठी बोलणंच सोडलं. बाबांशी बोलतानाही वाक्यं तोकडी ठेवायची, म्हणजे चूक सापडायला नको.

आता त्याच मराठीत, परक्या गावात, अनोळखी लोकांसमोर मला त्यांना कप म्हणायला शिकवायचं होतं.

मॉल आणि गोलपार्क

त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही. समोरच्या फुटपाथनेही जायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मॉलमधल्या मोठ्या कॉफीच्या दुकानात गेले. तिथे पासवर्ड मोबाइलवर आपोआप यायचा, कुणाशी बोलावं लागायचं नाही. पण डोक्यावर स्पीकर होता. पलीकडून आई म्हणाली, "अगं, लग्नात बसली आहेस का?" मी ओरडून बोलायला हवं होतं. मी कुजबुजले. बाबा पडद्याकडे बघत होते खरे, पण माझ्या मागच्या माणसांकडे. चमचा दाखवला तर काही बोलले नाहीत. "उद्या"सुद्धा नाही.

"काल तू बंद केलास ना, तेव्हापासून असे आहेत," आई म्हणाली. "कप घेऊन बसले होते जेवणापर्यंत. हातातून सोडेनात."

"नेट गेलं होतं, आई."

"हो, सांगितलं मी त्यांना."

शनिवारी सेक्टर फाइव्हहून मेट्रोने सियालदहला उतरले. तिथली गर्दी अशी की आपण चालत नाही, वाहतो. डोक्यावर भाज्यांच्या पाट्या घेतलेले लोक मागून "देखे, देखे!" ओरडत येतात आणि आपण आपसूक बाजूला होतो. तिथून बसने गोलपार्ककडे. रस्तोरस्ती पूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहत होते. अजून कापड चढायचं होतं, त्यामुळे मोठमोठ्या घरांचे नुसते सांगाडे बांधून ठेवल्यासारखं दिसत होतं. बसस्टॉपपाशी एक बाई घुगनी विकत होत्या, वाटाण्याची, वर कच्चा कांदा आणि खोबऱ्याचे बारीक काप. आमच्याकडच्या उसळीची नात्यातली, पण गूळ नाही, गोडा मसाला नाही. मी उभ्याउभ्या खाल्ली आणि दुसऱ्यांदा घेतली. चव आवडली म्हणून नव्हे. घरच्या चवीच्या इतकी जवळ येऊन ती वळत होती, म्हणून मला वाटत राहिलं की पुढच्या घासात येईल.

गोलपार्कचं दुकान एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर होतं. लाल फरशी, उंच छत, टेबलाटेबलावर पुस्तकं उघडून वाद घालणारी मुलंमुली. पासवर्ड विचारायला मला वीस मिनिटं लागली. शेवटी शेजारच्या टेबलावरचं बिल वाचून मिळवला. त्या दिवशी बाबा बसले होते. आईने त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. मी किल्ली दाखवली. त्यांनी तोंड उघडलं, आणि चित्र थांबलं.

या वेळी नेट खरंच गेलं होतं. पडद्यावर बाबा अर्ध्या उघड्या तोंडाने तसेच, तीन मिनिटं, पाच मिनिटं. मी ते चित्र बंद करू शकत नव्हते आणि बघूही शकत नव्हते.

फोन लावला तर आई म्हणाली, "पुन्हा?"

एवढंच. पण त्या एका शब्दात मला कळलं की पहिल्या वेळचं तिने कधीच खरं मानलं नव्हतं.

"त्यांनी तोंड भिंतीकडे केलंय, सायली. उद्या नको करूस फोन. थोडे दिवस राहू दे. त्यांना वाटतंय की तुला लोकांसमोर त्यांची लाज वाटते."

"असं ते म्हणाले?"

"कसं म्हणतील?" आई म्हणाली.

मला त्यांची लाज वाटत नव्हती. मला माझ्या आवाजाची लाज वाटत होती. पण पडद्याच्या पलीकडून या दोन्हींत फरक दिसत नाही, हे मला त्या लाल फरशीवर बसून कळलं.

गार्डन रीच

त्यानंतर आठ दिवस सहा वाजता मी काहीच केलं नाही. ऑफिसमधून निघायचे, मुडीची पुडी घ्यायचे आणि तळ्याकाठच्या बाकावर बसायचे. मुडी म्हणजे आपला चुरमुराच, पण इथे तो कच्च्या मोहरीच्या तेलात कालवतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं. ती सोय बरी होती.

रविवारी गार्डन रीचला गेले. आईच्या ओळखीतलं एक मराठी कुटुंब तिथे रेल्वेच्या वसाहतीत राहतं, कुलकर्णी. काका रेल्वेत अधिकारी. गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ऑटो वळली की एकदम मोठमोठी झाडं आणि शांतता. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. मी "काकू" म्हटलं आणि कुणी मागे वळून बघितलं नाही. मला एवढं बरं वाटलं की मी ते विनाकारण आणखी दोनदा म्हटलं.

वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. दाण्याचं कूट नागपूरच्या बहिणीने पाठवलेलं. काकू वाढत होत्या आणि पलीकडच्या टेबलावर त्यांची रेवा गणित करत होती. सातवीतली, जन्मापासून इथेच वाढलेली. तिचं मराठी माझ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी अडखळायचं. "आई, मी पाणी खाल्लं," असं ती सहज म्हणायची.

"रेवा, झालं का?" काकूंनी विचारलं. "तासभर एकाच गणितावर बसली आहेस."

"मी चेष्टा करतेय ना!" रेवा वैतागून म्हणाली.

माझा घास हातातच राहिला.

"चेष्टा नाही गं बाई," काकू म्हणाल्या, "प्रयत्न! प्रयत्न करतेय म्हण. किती वेळा सांगायचं? मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल." मग माझ्याकडे वळून, "शाळेत बंगाली ऐकून ऐकून असं बोलते. इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी नवीन आले तेव्हा आमचा प्लंबर रोज सांगायचा, चेष्टा कोरबो. म्हटलं, बघा, तोंडावर सांगतोय!"

काका मोठ्याने हसले. शाळेत हिंदीच्या पुस्तकातही हा शब्द त्याच अर्थाने आला असणार. पण कान काही पुस्तक उघडून ऐकत नाहीत. मला ऐकू आलं होतं ते लग्नकार्यातलं हसू.

"काकू," मी म्हणाले, "'ओर बाबाके कोथा बोलानोर चेष्टा कोरछे' म्हणजे काय?"

उत्तर रेवाने दिलं, वहीतून मान वर न करता. "ती तिच्या बाबांना बोलतं करायचा प्रयत्न करतेय."

काकूंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी नको म्हणाले नाही.

पुन्हा न्यू टाउन

सोमवारी पावणेसहालाच मी त्या दुकानाच्या दारात होते. पाटीवर पासवर्ड होता. आत जुनी बंगाली गाणी लागली होती, बऱ्यापैकी मोठ्याने. मी दचकले. इथे गाणी असतात हेच मला माहीत नव्हतं.

शर्मिष्ठादींनी मला बघितलं आणि केसांतलं पेन काढून हवेत हलवलं. "एतो दिन कोथाय छिले? तुम तो एकदम आता ही नहीं है!" इतके दिवस कुठे होतीस, हे बंगालीत विचारून त्या हिंदीत उतरल्या, माझ्या सोयीसाठी.

"काम था," मी म्हणाले.

नेहमीच्या टेबलावर बसले. आईला कळवलं की मी आज फोन करणार आहे. तिचं उत्तर आलं, "बघ. ते बसतील असं वाटत नाही."

सहाला दोन मिनिटं कमी असताना शर्मिष्ठादी उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि गाणं बंद केलं. मधेच, ओळ पुरी न होता.

"आबार बोंधो!" दत्तबाबू वर्तमानपत्रामागून कुरकुरले. पुन्हा बंद.

"एक घोंटा," शर्मिष्ठादी म्हणाल्या, एकच तास, आणि दोघंही हसले. तेच हसू. अगदी तेच. मी पाच आठवडे ज्या शांततेत बसत होते, ती रोज कुणीतरी उठून करत होतं, आणि दत्तबाबू रोज कुरकुरून ती मान्य करत होते.

कॉफी ठेवताना त्या माझ्याजवळ जरा थांबल्या. "बाबा केमोन आछेन?" कसे आहेत, हे मला कळलं. मग त्या म्हणाल्या, "चेष्टा कोरछेन तो?"

प्रयत्न करतायत ना? अर्थ मला आता माहीत होता. तरी आधी मराठीच ऐकू आलं. बाबा चेष्टा करतात ना अजून? मी मान हलवली. नाही. शर्मिष्ठादींना वाटलं असेल की बाबांनी प्रयत्न सोडले. तेही खरंच होतं.

फोन लागला. पडद्यावर आईचा हात, मग छत, मग बाबा. भिंतीकडे तोंड करून. मानेवर केस वाढले होते. त्यांची मान मी अशी कधी बघितली नव्हती.

"अहो, सायली आहे," आई म्हणाली. "बघा तरी."

ते वळले नाहीत.

मी कप उचलला आणि खाली ठेवला. त्यांना कप नको होता. मला माझ्या वडिलांना वस्तूंची नावं शिकवायची नव्हती. मला शाळेतून घरी यायचं होतं, बूट काढायचे होते आणि आतून ती हाक ऐकायची होती, जिच्यासाठी मी कितीतरी वर्षं कपाळाला आठ्या घालून घरात शिरत होते.

"बाबा," मी म्हणाले. कुजबुज. ती कराडपर्यंत पोचली नाही. दत्तबाबूंनी पान उलटलं.

"बाबा!" या वेळी दुकानभर ऐकू गेलं. दारातून आत येणारी दोन मुलं थांबली. "बाबा, एकोणऐंशी म्हणजे एटी-नाईन ना?"

मग ती मान किंचित हलली.

"आणि सदुसष्ट म्हणजे सेव्हंटी-सिक्स. हो ना? मी इथे सगळ्यांना असंच सांगितलंय. आपला पत्तासुद्धा एटी-नाईनच दिलाय."

बाबा वळले. पूर्ण नाही, अर्धे. उशीचा आधार सुटला तेव्हा आईने त्यांना सावरलं. डावी भुवई वर गेली होती. ती भुवई मी ओळखते. फळ्यावर चूक लिहिली गेली की ती वर जाते. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. "उ..." ते म्हणाले आणि थांबले. तो शब्द त्यांना नको होता. त्यांनी तो मागे ढकलला, मला दिसलं, जसा डाव्या हाताने माझी बॅग दाराकडे ढकलली होती तसा.

शर्मिष्ठादी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. माझा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता, तरीही मी खुर्ची पुढे ओढली, चेहरा पडद्याजवळ नेला, ओठ दिसतील असा, आणि मोठ्याने, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"बाबा, माझी चेष्टा करा ना."